झाड निळं होईस्तोवर

बाबा आमच्याकडे आले ते परत जायच्या तयारीनेच. डब्लिनच्या पश्चिमेला ओंगारमध्ये आमचं घर आहे, एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगेतलं. नागपूरहून निघून, दोन विमानं बदलून आलेले बाबा दारात उभे राहिले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "परतीचं तिकीट तुझ्याजवळ ठेवू का माझ्याजवळ?" मी म्हटलं, बाबा, आधी बूट तर काढा.

२०२० चा फेब्रुवारी होता. आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं. तीन महिने या, हवापालट होईल, असं म्हणून म्हणून मी त्यांना आणलं होतं. वरच्या लहान खोलीतलं कपाट त्यांच्यासाठी रिकामं केलं होतं, हँगर लावले होते. बाबांनी कपाट उघडलं, आत डोकावले, "छान आहे" म्हणाले आणि बंद केलं. कपडे बॅगेतच राहिले. रोज सकाळी पलंगाखालून बॅग ओढायची, एक शर्ट काढायचा, बॅगेची चेन लावायची, बॅग परत आत. ती चेन ओढल्याचा आवाज खाली स्वयंपाकघरापर्यंत यायचा आणि माझं डोकं सकाळी सकाळीच फिरायचं. शेवटी एक दिवस चिडून मी त्या कपाटात आमचे सगळे हिवाळी कोट कोंबले. त्यांनी ते पाहिलं असणार.

यामागे काय होतं ते मला ठाऊक होतं. बापाने लेकीच्या घरी मुक्काम ठोकायचा नाही, हे त्यांच्या हाडात होतं. त्यांच्या वडिलांच्या पिढीत लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. बाबा तेवढे कर्मठ नव्हते, पण मी पुण्यात असताना ते दोन रात्रींवर कधी राहिले नाहीत. आई म्हणायची, राहू या की आणखी चार दिवस. बाबा म्हणायचे, "तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई." आई हसून पिशव्या भरायला घ्यायची. आता तीन महिने राहायचं म्हणजे त्यांच्या दृष्टीने मोठाच अपराध होता, आणि त्याची भरपाई म्हणून ते दिवसभर घर दुरुस्त करत. नोकरीभर त्यांनी विजेचे मीटर तपासले होते. हाताला स्क्रू ड्रायव्हर लागल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. घरातला एकही स्क्रू त्यांनी सुखाने राहू दिला नाही. न कुरकुरणारी दारंसुद्धा त्यांनी काढून पुन्हा बसवली, आणि मग ती कुरकुरायला लागली.

मार्चमध्ये सगळं बंद झालं. घरापासून दोन किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, मग पाच. विमानं थांबली. व्हिसाची मुदत सरकारने आपोआप वाढवून दिली, ती बातमी मी आनंदाने सांगायला गेले तर बाबांचं तोंड उतरलं. माझं ग्रँड कॅनाल डॉकचं ऑफिस उचलून स्वयंपाकघरातल्या टेबलावर आलं, नवऱ्याचं बैठकीच्या खोलीत. बाबा जिन्यातून वर-खाली करत. वर जाऊन खिडकीतून रस्ता बघायचा, खाली येऊन किटली लावायची, चहा अर्धा पिऊन पुन्हा वर. मी मीटिंगमध्ये असताना मागे येऊन उभे राहत आणि कॅमेऱ्यात त्यांचं अर्धं पोट दिसे. "विमानाचं काही कळलं का?" हा प्रश्न रोज. मी रोज म्हणायची, नाही. आवाज दिवसेंदिवस चढत गेला, माझाही आणि त्यांचाही.

घरात त्यांना आवडलेली जागा एकच. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि गरम पाण्याच्या टाकीभोवती जे कपाट असतं त्याला हॉट प्रेस. टॉवेल, चादरी त्यात ठेवतात म्हणजे त्या उबदार आणि कोरड्या राहतात. बाबा त्याचं दार उघडून आत दोन्ही हात घालून उभे राहत. "इथे नागपूर आहे," म्हणत. बाकी सगळ्या आयर्लंडबद्दल त्यांचं मत चांगलं नव्हतं.

माझी जागा मागची बाग. बाग म्हणजे काय, हातरुमालाएवढं गवत आणि तिन्ही बाजूंनी लाकडी कुंपण. पण त्यात मी स्प्रूस लावले होते. स्प्रूस म्हणजे थंड मुलखातलं सुईच्या पानांचं झाड, जंगलात ताडमाड वाढणारं. त्याच्या बागेसाठी निवडून काढलेल्या जाती असतात, बुटक्या, गोल, लोंबत्या, निळ्या. सुरुवात झाली ती नाताळात सुपरमार्केटातून आणलेल्या एका कुंडीपासून. लाल रिबीन बांधलेलं शंकूसारखं कोनिका. सण संपल्यावर लोक ते फेकून देतात. माझ्याने फेकवलं नाही, आणि तिथून मला नाद लागला. मग पक्ष्याच्या घरट्यासारखी मधोमध खोलगट निडिफॉर्मिस आली. घराच्या किल्ल्या मिळाल्या त्या आठवड्यात मी कोपऱ्यात हूप्सी लावला. ही निळ्या स्प्रूसमधली सगळ्यात निळी जात. तीन-चार पावसाळी हिवाळे खाऊन तो नवऱ्याच्या खांद्याला लागला होता. ढगाळ दिवशी, म्हणजे इथल्या बहुतेक दिवशी, सगळी बाग करडी दिसायची आणि हा एकटा निळा. कामाच्या मध्ये उठून मी त्याच्यापाशी जाऊन उभी राहायची. जीव कातावला की मला माणसं नको होतात, झाड चालतं.

बाबांना ही हौस काही पटली नाही. "फळ नाही, फूल नाही, सावली नाही," ते म्हणाले. "मग आहे कशाला हे?" मी म्हटलं, बघायला. उन्हाळ्याच्या तोंडाशी कोनिकाच्या अंगातून एक फांदी एकदम सरळ वर उसळली. या बुटक्या झाडांना मधूनच आपली मूळची जंगली वाढ आठवते. ती फांदी ठेवली तर तीच सगळं झाड खाऊन टाकते, म्हणून ती मुळाशी कापायची असते. मी कात्री घेतली तर बाबा ओरडले, "काहून कापून राहिली? तेवढीच एक तर चांगली वाढून राहिली!" मी समजावलं. त्यांनी मान हलवली आणि ती कापलेली फांदी उचलून पाण्याच्या ग्लासात ठेवली. ग्लास माझ्या लॅपटॉपशेजारी कितीतरी दिवस होता.

ऑगस्टमध्ये विशेष विमानं सुरू झाल्याचं कळलं आणि मी बाबांचं सप्टेंबरचं तिकीट काढलं. खरं सांगते, मला हायसं वाटलं. त्यांनाही वाटलं. त्या संध्याकाळी त्यांनी स्वतः वांग्याचं भरीत केलं, स्वयंपाकघरातला धुराचा अलार्म वाजवला, आणि आम्ही तिघंही खूप दिवसांनी हसलो.

आणि मग जाता जाता काहीतरी चांगलं करून जावं असं त्यांच्या मनात आलं.

हूप्सीच्या आतल्या बाजूच्या काही सुया तपकिरी पडल्या होत्या. इथले हिवाळे सौम्य, त्यामुळे स्प्रूसवरचा मावा मरत नाही, तो वसंतापर्यंत रस शोषत बसतो आणि त्याचे परिणाम पुढे दिसतात. मला ते माहीत होतं, मी त्यावर लक्ष ठेवून होते. बाबांनी ते पाहिलं आणि त्यांना आठवलं की त्यांनी माझ्याच सांगण्यावरून नागपूरहून कडुनिंबाच्या तेलाची बाटली आणली होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या माझ्या कढीपत्त्याला चिकटा पडतो, त्यासाठी. हे तेल इथल्या थंडीत तुपासारखं थिजतं. मी मीटिंगमध्ये होते. बाबांनी बाटली गरम पाण्यात ठेवून तेल पातळ केलं, साबणाच्या पाण्यात घोटलं, आणि सगळ्या हूप्सीवर फवारलं. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण बाबांना कुठलंही काम अर्धवट करता येत नाही. त्यांनी जुना बनियन फाडून बोळे केले आणि एकेक फांदी बोळ्यात धरून पुसली, खालून टोकापर्यंत.

मी कॅमेरा बंद करून बाहेर आले तर बागेत कडू वास भरला होता आणि कोपऱ्यात एक हिरवं झाड उभं होतं. साधं हिरवं. चकचकीत.

निळ्या स्प्रूसचा निळेपणा पानाच्या आत नसतो. तो सुईवर धरलेल्या मेणाचा असतो, द्राक्षांवर धरते तशी पांढुरकी भुकटी. तेल लागलं की ते मेण उतरतं आणि खालची हिरवी सुई उघडी पडते. आणि ते पुन्हा त्या सुईवर येत नाही.

"बघ," बाबा म्हणाले, हातातला बोळा दाखवत, "किती मळ निघाला."

मी ओरडले. लहान मुलासारखी, गवतात उभी राहून. काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण "तुम्हाला कुणी सांगितलं होतं" हे पुन्हा पुन्हा म्हणत होते. शेजारच्या कुंपणापलीकडे राहणाऱ्या आयरिश बाई धुतलेल्या चादरी वाळत घालत होत्या, त्या चादरीआड झाल्या. नवरा धावत बाहेर आला. बाबा बोळा हातात धरून उभे. मग हळूच म्हणाले, "दुसरं आणून देतो."

"दुसरं कुठून आणणार? हा काय कप आहे?"

हे मी मुद्दाम म्हटलं. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले आणि हातून काही फुटलं तर बाबा दुसऱ्या दिवशी बाजार पालथा घालून तसंच आणून देत. माझ्या आत्याकडे एकदा त्यांच्या हातून कपाचा कान तुटला होता, तर त्यांनी अख्खा सेट नेऊन दिला. दुसऱ्याच्या घरचं नुकसान करून निघून जायचं, हे त्यांना जमतच नाही.

"मग हे निळं कसं होईल?" त्यांनी विचारलं.

मी तुटक सांगितलं, नव्या सुया निळ्या येतील, पुढच्या वसंतात. एप्रिल, मे. तोपर्यंत काही होणार नाही.

बाबांनी हिशोब केल्यासारखं झाडाकडे पाहिलं. "ठीक आहे," म्हणाले. "ते तिकीट रद्द कर. झाड निळं होईस्तोवर मी इथून हलत नाही."

मला वाटलं, रागात बोललेत. दोन दिवस गेले, चार गेले. मी विचारलं तर तेच उत्तर. ज्या माणसाने मार्चपासून विमानाच्या नावाने माझा जीव खाल्ला होता, तो आता विमानाचं नाव काढत नव्हता. नवरा म्हणाला, असू दे ना. मी म्हटलं, तुला काय जातंय असू दे म्हणायला, तुझ्या कॅमेऱ्यात कुणाचं पोट येत नाही. नीमची बाटली मी उचलून बागेतल्या शेडमध्ये, रंगाच्या डब्यांच्या मागे टाकली.

तो हिवाळा मला अजून आठवतो तो चालण्याने. नाताळानंतर पुन्हा सगळं कडेकोट बंद झालं. मी पाच किलोमीटरच्या आत त्याच त्या गल्ल्या फिरायची, क्लॉन्सिलाच्या बाजूला कालव्यापर्यंत आणि परत. पाऊस नसला तरी हवेत पाणी. घरी यायचं मन नसायचं आणि बाहेर थांबायला जागा नसायची. परत येऊन पाहावं तर बाबा माझ्या जाड कोटात, कानटोपी घालून हूप्सीपाशी. कोऱ्या कागदावर फांदी हळूच झटकायची आणि कागदावर हिरवे, लाल डोळ्यांचे किडे पडतात का ते चष्मा वर करून बघायचं. हे मीच त्यांना शिकवलं होतं, रागारागात. मावा सापडला तर पाण्याचा फवारा, दुसरं काही नाही, असं बजावूनही ठेवलं होतं. ते तंतोतंत पाळत. संध्याकाळी मला अहवाल देत, "आज तीन पडले. मागच्या फांदीवर."

शेजारच्या बाईंशी त्यांची कुंपणावरून गट्टी जमली होती. त्या त्यांच्या आयरिश इंग्रजीत बोलत, हे नागपुरी इंग्रजीत. दोघांनाही एकमेकांचं निम्मं कळत असावं, पण दोघंही "ग्रँड, ग्रँड" म्हणत. बाई मला दुकानात भेटल्या की विचारत, "आणि युअर मॅन काय म्हणतोय, झाडवाला?" इथे युअर मॅन म्हणजे नुसतं 'तो माणूस', तरी मला आधी राग यायचा. माझ्या बापाला झाडवाला म्हणायला हा काय माळी आहे? मग लक्षात आलं की बाबांना इथे येऊन पहिल्यांदाच कुणीतरी कशाने तरी ओळखत होतं.

आणि एकदा मी जिन्यात असताना त्यांचा फोन कानावर पडला. नागपुरात त्यांच्या शेजारी राहणारा एक मित्र होता, सकाळी दोघं सोबत फिरायला जात, आमच्या घराच्या किल्ल्या त्याच्याकडे होत्या. बाबा त्याला ऐटीत सांगत होते, "अरे, येऊ कसा? इथे काम काढून ठेवलंय ना. लेकीचं झाड आहे. मध्येच सोडून येऊन राहिलो असं होत नाही." मग बराच वेळ पलीकडचं ऐकलं. मग म्हणाले, "नाही रे. घरी येऊन तरी काय, टीव्ही लावून बसायचं. आवाज पाहिजे म्हणून." मी तिथेच पायरीवर बसले. वरची चेन ओढल्याचा आवाज मला वर्षभर त्यांच्या जायच्या घाईचा वाटला होता. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की मी चुकीचं ऐकत होते. मला बाबा हवे होते. इतके दिवस ते घरात असूनही मला हे ठाऊक नव्हतं.

सरळ जाऊन म्हणायला हवं होतं, राहा. पण बाबांना राहा म्हटलं की ते बॅग भरतात. मी वाट पाहायची ठरवली. झाड आहे ना मध्ये, घाई काय आहे.

एप्रिल आला आणि नागपूरच्या बातम्या यायला लागल्या. रोज एक फोन, कधी दोन. कॉलनीतली ओळखीची घरं एकामागून एक. बेड नाही, ऑक्सिजन नाही. एका दुपारी बाबांनी मित्राला फोन लावला तर तो त्याच्या मुलाने उचलला. बाबांनी फोन ठेवला, कोट न घालताच बागेत गेले आणि ओल्या गवतावर खुर्ची टाकून बसले. मी कोट नेऊन खांद्यावर टाकला. ते म्हणाले, "आता किल्ल्या कुणाकडे असतील?" मग म्हणाले, "मला जायला पाहिजे. त्याच्या घरी भेटून यायला पाहिजे."

"आत्ता? बाबा, डोकं ठिकाणावर आहे का?"

"आत्ता नाही. हे निळं झालं की. बोललो आहे ना मी."

त्या दिवसापासून मला हूप्सीकडे बघवेना. ज्या कळ्यांची मी हिवाळाभर वाट पाहिली होती त्या फुगायला लागल्या होत्या. प्रत्येक फांदीच्या टोकाला तपकिरी, कागदासारखी टोपी, आणि तिच्या आत नवी सुई. ऊन पडलं की मला धास्ती बसायची. एरवी ऊन पडलं की इथे माणसं कपडे काढून गवतावर पडतात आणि मी मनातल्या मनात ढगांची आळवणी करत होते. दर तासाला उठून बाहेर जायची, कळ्या बघायची, आत यायची. कामात चुका व्हायला लागल्या. नवऱ्याने विचारलं काय झालंय. मी म्हटलं, वसंत झालाय. त्याला काही कळलं नाही.

मे महिन्याच्या सुरुवातीला पहिल्या टोप्या पडल्या. आतून आलेल्या सुया बाळाच्या केसांसारख्या मऊ होत्या, आणि निळ्या. जुन्या निळ्याहूनही निळ्या. मी स्प्रूस लावल्यापासून एवढी सुंदर फूट पाहिली नव्हती.

बाबा मागे येऊन उभे होते. "टोप्या पडल्या," ते म्हणाले. "झालं का निळं? तू सांग. तुला कळतं."

"नाही," मी म्हटलं. "अजून हिरवट आहे."

बाबांनी चष्मा वर करून बघितलं. आंधळ्यालाही दिसलं असतं. "हो," म्हणाले. "मलाही हिरवटच वाटलं." आणि आत गेले.

मला वाटलं, वय झालं, डोळे गेले. चला, बरं झालं.

पुढच्या आठवड्यात फूट वाढत गेली आणि मी गोंधळले. समोरच्या फांद्यांवरच्या नव्या सुया खरंच हिरव्या होत्या. सकाळी निळी पाहिलेली टोकं दुसऱ्या दिवशी मळकट हिरवी. कुठला रोग आहे म्हणून मी जवळ जाऊन पाहिलं. पाऊस पडून गेलेला, सगळ्या बागेत ओल्या मातीचा वास, त्यातून काहीतरी ओळखीचं नाकाला लागलं, पण वाऱ्याने निघून गेलं. मी शेडमध्ये गेले. रंगाच्या डब्यांच्या मागे बाटली नव्हती.

ती सापडली हॉट प्रेसमध्ये. मी आंघोळीसाठी टॉवेल काढायला दार उघडलं आणि उबदार कडू वास आला. चादरींच्या मागे, टाकीला टेकवून नीमची बाटली उभी होती. बाहेर थिजतं ते तेल आत नागपुरात पातळ राहिलं होतं. बाटलीभोवती फाटक्या बनियनचा बोळा गुंडाळलेला होता, कोपरा हिरवट ओला.

मी टॉवेल छातीशी धरून तिथेच उभी राहिले. हा माणूस पहाटे उठून, आम्ही झोपेत असताना, गुडघे दुखत असताना, एकेक कोवळं टोक बोटात धरून पुसत होता. मला रडू आलं आणि हसूही आलं, आणि थोडा रागही आला, कारण हूप्सीची एवढी फूट मी खरंच कधी पाहिली नव्हती. मग मी बाटली होती तशीच टाकीला टेकवली, चादर पुढे ओढली आणि दार लावलं.

त्याच दुपारी आम्ही दोघं बागेत चहा पीत होतो. शेजारच्या बाई कुंपणापाशी आल्या. हूप्सीची मागची बाजू कुंपणाला लागून आहे, तिथे बाबांचा बोळा अजून पोचला नव्हता. बाई आनंदाने ओरडल्या, की अगं, किती सुंदर झालंय, माझ्या बाजूने तर अख्खं निळं आहे, युअर मॅनने कमाल केली.

बाबा चहाच्या कपात बघत राहिले. "काय म्हणून राहिली ती?" त्यांनी मला विचारलं. बाबांना इंग्रजी उत्तम येतं. आयुष्यभर इंग्रजीत अहवाल लिहिलेत त्यांनी.

"हवा चांगली आहे म्हणते," मी म्हटलं.

"हं. बोलते फार ती बाई."

मी बाईंकडे बघून हात हलवला. त्यांनीही हलवला आणि त्या आत गेल्या. वारा सुटला होता. बाबांनी कप गवतावर ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. त्यांच्या नखांच्या कडा हिरवट होत्या. मी तिकडे बघितलं नाही.

"बाबा," मी म्हटलं, "यंदा काही खरं दिसत नाही. तेल फार खोल मुरलंय झाडात. पुढच्या वर्षीच बघावं लागेल."

"पुढच्या वर्षी," ते म्हणाले.

"पुढच्या वर्षीचं तरी काय सांगावं. या झाडांचा भरवसा नसतो."

मला भीती वाटली की मी जास्त बोलले, आता ते उठतील आणि पलंगाखालून बॅग ओढतील. मग त्यांनी घसा साफ केला.

"तुझं झाड आहे. तू म्हणशील तसं," ते म्हणाले. "पण मग ते कोट तेवढे काढ त्या कपाटातून. बॅगेत माझ्या शर्टांना फार सुरकुत्या पडून राहिल्या."